अग्निपाषाणाच्या बेटाची प्रदक्षिणा

त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या यात्रेकरूंपैकी बहुतेकांची यात्रा कुशावर्तातील स्नान, देवदर्शन आणि अंगात बळ असल्यास गंगाद्वाराच्या पायऱ्या एवढ्यात आटोपते. परंतु श्रावणातील तिसऱ्या सोमवारी, किंबहुना आदल्या सायंकाळपासूनच, जो जनसमुदाय कुशावर्तातून ओल्या अंगाने निघून, पावसापाण्याची तमा न बाळगता, ब्रह्मगिरीला उजवी घालीत रात्रभर चालत राहतो, त्याचे दैवत गाभाऱ्यात मावणारे नसते. संबंध पर्वतच त्याला शिवस्वरूप असतो. या प्रदक्षिणेला त्र्यंबक पंचक्रोशीत फेरी म्हणतात. लहान फेरी सुमारे २० किलोमीटरांची, पेगलवाडी, पहिने, सापगाव अशा वाड्यापाड्यांवरून जाणारी. मोठी फेरी सुमारे ४० किलोमीटरांची, हरिहरगडालाही पोटात घेणारी.

या फेरीचा इतिहास सांगणाऱ्यांनी आजवर पुराणे, संतचरित्रे आणि पेशव्यांचे दप्तर यांचा आधार घेतला, आणि ते योग्यच झाले. पण ज्या पर्वताभोवती ही पावले पडतात त्याचा स्वतःचा इतिहास त्या सर्वांहून पुरातन असून तो या कथेत क्वचितच येतो. आज सधन प्रवासी हजारो मैलांवरच्या गालापागोस बेटांना जातात, सोळा-वीस उतारूंच्या लहानशा यॉटमध्ये आठ-दहा दिवस राहून, ज्वालामुखीच्या लाव्ह्याने घडलेल्या त्या निर्जन बेटांना वळसा घालीत तेथील कासवे, सरडे आणि समुद्रपक्षी पाहतात, आणि त्या प्रवासाला आयुष्यातील अपूर्व लाभ मानतात. तो लाभ खराच आहे. परंतु ज्वालामुखीने घडविलेल्या, भोवतालच्या सखल मुलखापासून तुटलेल्या, आणि अन्यत्र न आढळणाऱ्या जीवांना आश्रय देणाऱ्या एका उंच भूमीभोवती, तिच्या माथ्यावर स्वामित्व न सांगता फिरून येण्याची रीत आपल्या नाशिक जिल्ह्यात निदान सातशे वर्षे चालत आली आहे, ही गोष्ट आपल्याच लोकांच्या ध्यानात नसावी याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि म्हणून हा लेखनप्रपंच.

ब्रह्मगिरीची उंची समुद्रसपाटीपासून १,२९८ मीटर. पावसाळा सरल्यावर, हवा निवळली असता, पायथ्याच्या शेतातून त्याच्याकडे पाहिले म्हणजे उभा काळा कडा, त्याखाली गवताची उतरती पट्टी, पुन्हा कडा आणि पुन्हा पट्टी अशी रचना तळापासून माथ्यापर्यंत स्पष्ट दिसते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पृथ्वीवर महाकाय सरटांचे युग संपत असताना, भूपृष्ठाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून शिलारस बाहेर पडला आणि पसरत गेला; तो थिजून कठीण व्हावा, त्याच्यावर काही काळ वारापाऊस खेळावा, आणि पुन्हा नव्या शिलारसाचा पूर यावा, असे असंख्य वेळा घडले. पश्चिम घाटात या थरांची एकूण जाडी काही ठिकाणी २,००० मीटरांच्या घरात जाते, आणि इतकी झीज होऊनही आज त्यांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापलेली आहे. घट्ट, एकजीव पाषाणाचे कडे झाले. वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला ठिसूळ भाग झिजून उतार झाले. त्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे पाण्यातील क्षार साचून जी पांढरी, गुलाबी, हिरवट स्फटिके तयार झाली ती नाशिकच्या आसपासच्या खाणींतून निघून जगभरच्या संग्रहालयांत गेली आहेत.

या रचनेचा त्र्यंबकच्या धार्मिक माहात्म्याशी फार निकटचा संबंध आहे. माथ्यावर पडलेले पावसाचे पाणी पाषाणाच्या सांध्यांतून आणि सच्छिद्र थरांतून झिरपत उतरते, खालचा घट्ट थर त्याला अडवितो, आणि मग ते आडवे वाहत जाऊन कड्याच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने प्रकट होते. गौतम ऋषींच्या तपश्चर्येने शंकराच्या जटेतून सुटलेली गोदावरी प्रथम ब्रह्मगिरीच्या माथ्यावर दिसते, मग गुप्त होऊन गंगाद्वारी दर्शन देते, पुन्हा लुप्त होऊन कुशावर्तात सापडते, ही परंपरेची कथा त्या पाण्याचा मार्ग विलक्षण अचूकपणे सांगते. ज्या कोणी प्रथम ती रचली त्यांनी हा डोंगर ऋतुमानानुसार पुष्कळ वर्षे पाहिलेला असला पाहिजे. याच परिसरात उगम पावून वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्रास जाऊन मिळते, तर गोदावरी पूर्वेकडे वळून १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला भेटते. एकाच पावसाचे पाणी येथे दोन समुद्रांना वाटून दिले जाते.

आता या पाषाणाचे सोयरसंबंध पाहू. बहुसंख्य भूशास्त्रज्ञांचे मत असे की, ज्या अग्निस्रोताने दख्खनचे पठार घडविले तो पृथ्वीच्या पोटात अद्यापि जागृत आहे; भारताची भूमी मात्र त्याच्यावरून सरकत उत्तरेला आली. मागे राहिलेल्या त्या स्रोताने समुद्रतळावर आपल्या मुक्कामांची एक रांगच मांडून ठेवली: लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या पायथ्याशी असलेली बुडालेली पर्वतओळ, नंतर सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी सागरावर डोके काढलेले मॉरिशस, आणि सर्वांत धाकटे रीयुनियन, जेथील पितों द ला फूर्नेज हा २,६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी आजही वरचेवर उसळतो. तेव्हा ब्रह्मगिरीचा काळा कातळ आणि रीयुनियनच्या किनाऱ्यावर नुकताच थिजलेला लाव्हा ही एकाच घराण्यातील थोरली आणि धाकटी पाती होत. हे एकदा समजले म्हणजे फेरीतील यात्रेकरूला, पहिन्याच्या खिंडीत धुके कड्याच्या अर्ध्यावर येऊन थांबले असता, वरचा पर्वत समुद्रात उभ्या असलेल्या बेटासारखा भासतो त्यात नवल वाटत नाही.

फेरीची पहिली ठळक आठवण वारकरी परंपरेने जपली आहे, आणि ती वन्य श्वापदाशी निगडित आहे हे विशेष. संन्यास सोडून पुन्हा गृहस्थाश्रमात आल्यामुळे आळंदीच्या ब्रह्मवृंदाने वाळीत टाकलेले विठ्ठलपंत आपल्या पत्नीला व मुलांना घेऊन त्र्यंबकेश्वरी आले, मध्यरात्री कुशावर्तात स्नान करून ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करण्याचे अनुष्ठान त्यांनी आरंभिले, आणि अशाच एका रात्री वाटेत वाघ आडवा आला. सर्वांची पांगापांग झाली; थोरला मुलगा निवृत्ती जिवाच्या भयाने जी गुहा दिसली तीत शिरला, आणि तेथे बसलेल्या गहिनीनाथांनी त्याला अनुग्रह दिला. निवृत्तीकडून तो ज्ञानदेवांना मिळाला, आणि महाराष्ट्राच्या भक्तिसंप्रदायाला नाथपंथाचे अधिष्ठान लाभले. ही कथा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. तिच्यातील अद्भुताचा भाग बाजूला ठेवला तरी त्या काळी ब्रह्मगिरीभोवती फेरी घालण्याची वहिवाट होती, ती रात्री चालत असे, आणि ती ज्या अरण्यातून जाई ते वाघ नांदावा एवढे दाट होते, या तीन गोष्टी तीत गृहीत धरलेल्या दिसतात. निवृत्तीनाथांची समाधी त्र्यंबकलाच आहे, आणि पौष वद्य एकादशीला तेथे वारकऱ्यांचा मोठा मेळा भरतो. गुरूचा लाभ जेथे झाला त्या डोंगराच्या पायथ्याशीच नाथांनी देह ठेवला.

फेरीचा मार्ग पर्वताच्या पायथ्यापायथ्याने जातो, माथ्यावर चढत नाही, याला श्रद्धेखेरीज एक ऐतिहासिक कारणही असावे असे मला वाटते. माथ्यावर किल्ला होता, आणि किल्ल्यावर शिबंदी असे. चोहोबाजूंनी तुटलेले कडे, कातळात कोरलेल्या पायऱ्यांची अरुंद वाट आणि दुर्गभांडार नावाच्या सुळक्याकडे नेणारी चिंचोळी नाळ यांमुळे हा गड सहजासहजी हस्तगत होण्याजोगा नव्हता, आणि म्हणूनच ज्याला उत्तर कोकण व गंगथडी यांमधील घाटवाटांवर अंमल ठेवायचा होता त्याला तो हवाच असे. निजामशाहीच्या अखेरच्या धामधुमीत शहाजीराजांनी तो राखला. १६३६ च्या तहान्वये जे किल्ले त्यांना मोगलांच्या हवाली करावे लागले त्यांत त्र्यंबक होता. पुढे १६७० च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. नंतर तो कधी मोगल, कधी निजाम, तर कधी मराठे यांच्या ताब्यात फिरत राहिला. त्या सगळ्या उलाढालींची जंत्री येथे देण्याचे प्रयोजन नाही. माथा धन्यांच्या हातून धन्यांच्या हाती जात राहिला, पायथ्याची वाट यात्रेकरूंच्या पायाखाली तशीच राहिली, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे.

पेशवाईत त्र्यंबकला वैभव आले. नानासाहेब पेशव्यांनी आरंभिलेले सध्याचे मंदिर १७५५ पासून १७८६ पर्यंत एकतीस वर्षे बांधले जात होते. म्हणजे ज्या पेशव्यांनी पाया घातला ते पानिपताच्या आघाताने निवर्तले, माधवरावांची कारकीर्द होऊन गेली, नारायणरावांचा खून झाला, बारभाईंचा कारभार आला, तरी येथे पाथरवटांचे काम चालू होते. हा घाट, ही शिखरे, ही कमळे आणि कीर्तिमुखे याच मुलखातील काळ्या पाषाणात घडविलेली आहेत. शिलारसाच्या थिजण्याने जन्मलेला हा दगड छिन्नीला दाद देण्यात फार हट्टी, पण एकदा दिलेला आकार तो पिढ्यान्‌पिढ्या सोडत नाही. अडीचशे पावसाळे अंगावर घेऊनही मंदिराच्या बाह्यांगावरील रेषा आजही कोरीव राहिल्या आहेत.

इंग्रजांशी झालेल्या अखेरच्या युद्धात, १८१८ च्या एप्रिलमध्ये, कर्नल मॅकडॉवेलच्या पलटणीने त्र्यंबकला मोर्चे लावले. तोफा चालल्या, आणि थोड्याच दिवसांत किल्ला त्यांच्या स्वाधीन झाला. तो पडल्याची वार्ता पसरताच आसपासच्या अनेक किल्ल्यांनी लढण्याचा विचार सोडला. नंतर नव्या सरकारने नाशिक जिल्ह्यातील पुष्कळ गडांच्या पायऱ्या व दरवाजे फोडून टाकले, जेणेकरून पुन्हा कोणी तेथे बंड माजवू नये. तथापि डोंगर जाणणाऱ्यांना पायऱ्यांची गरज कधीच नव्हती. १८५७ च्या डिसेंबरात भिल्ल आणि ठाकर यांच्या एका टोळीने त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर चाल केली आणि ती परत याच डोंगरांत शिरली. ज्यांच्या पाड्यांवरून फेरी जाते त्या महादेव कोळी, ठाकर व भिल्ल समाजांनी या पर्वताच्या वाटा, कंद, औषधी, झरे आणि श्वापदे यांची माहिती जतन केली, आणि आजही रात्रीच्या फेरीत वाट चुकलेल्याला ओढ्याचा उतार तेच दाखवितात. फेरीचा इतिहास लिहिताना त्यांचे नाव तळटीपेत जाते, ते मजकुरात यावयास हवे.

या पर्वतांच्या बेटपणाकडे आता वळू. सागराने वेढलेल्या भूमीवर ज्याप्रमाणे बी किंवा प्राणी योगायोगाने येतो, परतीची वाट बंद होते, आणि पिढ्या उलटता उलटता तो आपल्या मूळ कुळाहून निराळा होऊन बसतो, त्याचप्रमाणे सह्याद्रीच्या उंच पठारांवरही घडते. पठारावर वारा अधिक, माती वीतभर, पावसाळ्यात पाणथळ आणि मार्गशीर्षानंतर तापलेला तवा. खालच्या रानात वाढणाऱ्या झाडोऱ्याला तेथे थारा नाही, आणि तेथील वनस्पतीला खाली उतरून दुसऱ्या पठारावर जाणे दुष्कर. ब्रह्मगिरीचा शेजारी अंजनेरी, जो हनुमंताचे जन्मस्थान म्हणून पूज्य आहे, त्याच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात सापडली, आणि २००६ साली शास्त्रज्ञांनी तिला त्या डोंगरावरून ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ असे नाव दिले. त्र्यंबकच्या डोंगरांच्या टापूबाहेर ती जगात कोठे आढळत नाही असे मानले जाते.

या वर्गातील फुलांची परागणाची रीत पाहण्याजोगी आहे. फूल लांबट नळीसारखे, माथ्यावर पाकळ्या जुळून कंदिलाचा आकार झालेला. नळीच्या आत खालच्या दिशेने वळलेले बारीक केस. गंधाने ओढलेली चिलटे आत उतरतात, पण केसांमुळे त्यांना वर चढता येत नाही. एका दोन दिवसांत केस सुकून गळतात, वाट मोकळी होते, आणि अंगाला परागाचे पुंजके चिकटलेले चिलट दुसऱ्या फुलाच्या कैदेत जाऊन पडते. याच वर्गातील काही जातींच्या कंदाला आपल्याकडे खरपुडी म्हणतात आणि आदिवासी मुले तो उकरून खातात. हे खाणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आणि वनस्पतीही टिकली; धोका निर्माण झाला तो वणवे, अफाट चराई आणि पठारांपर्यंत आणलेले रस्ते यांमुळे. २०१७ साली अंजनेरीचे सुमारे साडेपाच चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले, ते या एवढ्याशा फुलाचे आणि तेथील गिधाडांचे श्रेय.

गिधाडे ही या कड्यांची सर्वांत जुनी रहिवासी होत. लांब चोचीचे गिधाड झाडापेक्षा कड्यावर घरटे करणे पसंत करते, आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधील जी आडवी खाच पडते ती त्याला आयती ओसरी मिळते. वर्षाकाठी एक अंडे, एक पिल्लू. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात या पक्ष्याच्या संख्येला देशभर अशी ओहोटी लागली की, शंभरातील पाचसुद्धा उरले नाहीत. गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावरातून गिधाडाच्या पोटात गेला की त्याचे मूत्रपिंड निकामी होते, हे २००४ पर्यंत सिद्ध झाले, आणि २००६ साली सरकारने जनावरांसाठी ते औषध बंद केले. त्र्यंबक तालुक्यात हरसूलजवळच्या खोरीपाड्यात वनखात्याने आणि ग्रामस्थांनी मिळून मृत जनावरे गिधाडांसाठी एका राखून ठेवलेल्या जागी टाकण्याची व्यवस्था केली, आणि पक्षी तेथे येऊ लागले. गरीब पाड्यांनी, ज्यांना मेलेल्या जनावराच्या कातड्याचेही चार पैसे मिळाले असते, हे काम अंगावर घेतले, ही मला या मुलखाच्या अर्वाचीन इतिहासातील मोठी घटना वाटते.

बेटांवर जीव निराळे का होतात या प्रश्नाने ज्याच्या मनात घर केले तो चार्ल्स डार्विन १८३५ च्या सप्टेंबरात ‘बीगल’ जहाजातून गालापागोसला पोहोचला आणि तेथे पाच आठवडे राहिला. त्या बेटांच्या उपराज्यपालाने त्याला सांगितले की, कासव पाहून ते कोणत्या बेटावरचे हे आपण ओळखू शकतो. त्या बोलण्याचे पुरते महत्त्व डार्विनला नंतर उमगले. येथवरची कथा सर्वश्रुत आहे. परंतु तेच जहाज पुढे १८३६ च्या एप्रिलअखेर मॉरिशसला लागले, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. डार्विन तेथे दहा-अकरा दिवस होता. बेटावरचा एकुलता एक हत्ती कॅप्टन लॉइड या अधिकाऱ्याच्या पदरी होता, त्याच्यावर बसून तो काही अंतर फिरला. बेटाच्या कडेने उभ्या असलेल्या काळ्या पाषाणाच्या डोंगरांची रचना त्याने टिपून ठेवली. आणि पोर्ट लुईमध्ये रस्त्यांवर राबणाऱ्या, जन्मठेपेवर आलेल्या सुमारे ८०० हिंदी कैद्यांची भारदस्त चेहरेपट्टी आणि वृद्धांच्या शुभ्र दाढ्या पाहून तो थक्क झाला. ही माणसे बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून आलेली. दख्खनच्या कातळावर जन्मलेल्या काही पायांना त्याच अग्नीच्या धाकट्या कातळावर बेड्या घालून चालावे लागले असेल, हा विचार मनाला चटका लावून जातो.

त्यांच्यामागून गिरमिटिये आले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर त्या बेटाच्या ऊसमळ्यांत उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते, विशेषतः कोकणपट्टीतील. पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हरच्या परिसरात, कास्कावेलसारख्या गावांत त्यांची वस्ती झाली. गणपती, विठ्ठल-रखुमाई आणि झाकरीचा नाच त्यांनी टिकविला. ज्या मळ्यांत ते राबले तेथे पूर्वी आबनुसाचे अरण्य होते. १५९८ साली डचांनी बेटावर पाऊल ठेवले तेव्हा त्या अरण्यात डोडो नावाचा, उडण्याची शक्ती गमावलेला मोठा पक्षी होता. शत्रू कसा असतो हेच त्याला ठाऊक नव्हते. माणसांनी त्याला मारले, आणि जहाजांतून आलेल्या डुकरांनी, उंदरांनी व माकडांनी त्याची अंडी खाल्ली. १६६२ नंतर तो कोणी पाहिल्याचा भरवशाचा दाखला नाही.

त्याच बेटाच्या मध्यभागी एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेले सरोवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील एका हिंदू पुरोहिताला स्वप्नात त्याचा गंगेशी संबंध दिसला, आणि १८९८ पासून महाशिवरात्रीला पायी यात्रा सुरू झाली. १९७२ साली गोमुखाहून आणलेले गंगाजल त्यात ओतण्यात आले आणि परीतलाव म्हटले जाणारे ते सरोवर गंगातलाव झाले. काठावरच्या मॉरिशसेश्वरनाथाला तेथील भाविक तेरावे ज्योतिर्लिंग मानतात. बारांपैकी एक ज्योतिर्लिंग ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, आणि तेरावे त्याच अग्निस्रोताच्या दुसऱ्या मुखाशी. दोन्ही ठिकाणी गंगा आणली गेली ती डोंगराच्या पोटातील पाण्यातच. यात्रेकरूंना भूशास्त्र ठाऊक नव्हते. अग्नीने घडविलेल्या स्थळी पाणी सापडले की तेथे शिवाची स्थापना करावी, ही प्रेरणा त्यांनी सोबत नेली होती, आणि ती योग्य जागी फळाला आली.

मॉरिशसच्या उत्तरेला कोआँ द मीर हे काळ्या कड्याचे बेट आहे. त्याच्याभोवती शिडाच्या नावा प्रवाशांना घेऊन फिरतात, आणि कड्यांच्या कपारींतून लांब शेपटीचे पांढरेशुभ्र समुद्रपक्षी ये-जा करताना दिसतात. त्यापलीकडे, मुख्य बेटापासून सुमारे २२ किलोमीटरांवर, राऊंड आयलंड हे ज्वालामुखीचे अवघ्या २१९ हेक्टरांचे बेट. एकोणिसाव्या शतकात तेथे सोडलेल्या शेळ्यांनी आणि सशांनी ते इतके ओरबाडले की, माती वाहून समुद्रात गेली. बिळात राहणारा एक सर्प, जो जगात अन्यत्र नव्हता, १९७५ नंतर कोणाला दिसला नाही. मग शेळ्या १९७९ पर्यंत आणि ससे १९८६ पर्यंत हटविण्यात आले, मूळची ताडवर्गीय झाडे पुन्हा लावली गेली, आणि उरलेला दुसरा सर्प बचावला. तेथे प्रवाशाला उतरण्यास मनाई आहे. शास्त्रज्ञसुद्धा जाताना कपड्यांना चिकटलेले बी तपासून घेतात. दुरून पाहावे, वळसा घालावा, माथ्यावर जाऊ नये, हा तेथील सरकारी कायदा झाला.

गालापागोसचा कित्ताही असाच आहे. १९५९ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९६०-७० च्या दशकाच्या अखेरीस जहाजांतून पर्यटकांची नियमित ने-आण सुरू झाली, १९७८ साली युनेस्कोने त्या बेटांना जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत स्थान दिले. प्रत्येक सोळा उतारूंमागे एक परवानाधारक वाटाड्या, आखून दिलेली पायवाट, प्राण्यांपासून ठरावीक अंतर, आणि एका नौकेला त्याच ठिकाणी दोन आठवड्यांच्या आत परतण्याची बंदी, असा तेथील बंदोबस्त आहे. लहान यॉटचा व्यवसाय या शिस्तीला जुळणारा ठरला; फार मोठी जहाजे तेथे आणता येत नाहीत.

ब्रह्मगिरीच्या फेरीला कोणी कायदा घालून दिला नव्हता. एका दिवशी, एका दिशेने, अनवाणी वा साध्या पायांनी चालावयाचे, वाटेत वृक्ष तोडावयाचा नाही, तीर्थे मळवावयाची नाहीत, माथा उजव्या हाताला ठेवून निघाल्या जागी परत यावयाचे, एवढी तिची आचारसंहिता. आणि जोवर यात्रेकरू हजारोंनी होते तोवर ती पुरली. आता ते लाखोंनी येतात, नाशिकहून एस. टी. च्या जादा गाड्या रात्रभर धावतात, आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यांच्या काठी प्लास्टिकचे ढीग उरतात. २०२१ साली पायथ्याशी जमीन सपाट करण्यासाठी सुरुंग उडविले गेल्याने नाशिककरांत मोठा क्षोभ झाला, लोक डोंगर वाचविण्यासाठी एकत्र आले, आणि शासनाला लक्ष घालावे लागले. हा क्षोभ मला आशादायक वाटला. पर्वत ढासळला तर गंगाद्वाराचे पाणी कोठून येणार, हे सामान्य माणसाने कोणी न शिकविता ओळखले होते.

२०२७ चा सिंहस्थ आता उंबरठ्यावर आहे, आणि रस्ते रुंद करण्याची, वाहनतळ बांधण्याची, डोंगराच्या अंगाखांद्यावर इमारती चढविण्याची बोलणी चालू आहेत. यात्रेकरूंच्या सोयीला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु फेरीचा जुना पायमार्ग पायमार्गच राहावा, कड्यांच्या खाली गिधाडांच्या विणीच्या काळात, म्हणजे हिवाळ्यात, स्फोट आणि कर्णे वर्ज्य असावेत, पहिन्यापासून सापगावापर्यंतच्या पाड्यांतील तरुणांना वाटाड्याचे काम व त्याचा मोबदला रीतसर मिळावा, आणि अंजनेरीला मिळालेले संरक्षण ब्रह्मगिरीच्या कड्यांनाही मिळावे, एवढी तजवीज वनखाते आणि त्र्यंबक नगरपरिषद यांनी सिंहस्थापूर्वी करून ठेवावी, असे या मुलखावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या कचेरीत जाऊन सांगावयास हवे.